२८,००० तबकड्या

जुना लॅपटॉप घेताना माणूस बिजागऱ्या हलवून बघतो, किबोर्डची बटणं दाबतो, बॅटरी किती वेळ टिकते ते विचारतो. हे करायलाच हवं. पण या सौद्यातली सर्वांत नाजूक गोष्ट हाताला लागत नाही. यंत्र विकलं जातं, त्यातल्या प्रणालीचा मात्र परवाना मिळतो. आणि यंत्राचा मालक बदलल्यावर तो परवाना यंत्रासोबत आला की वाटेत गळाला, हे अनेकदा विकणाऱ्यालाही सांगता येत नाही. नवं यंत्र घेताना ज्याचे पैसे एकदा मोजले गेले, तो परवाना यंत्र चालतंय तोवर यंत्राचाच राहिला पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. हे मत ज्या कागदपत्रांनी पक्कं केलं, ती फ्लोरिडातल्या एका फौजदारी खटल्याची आहेत.

एरिक लंडग्रेन हा कॅलिफोर्नियातला ई-कचऱ्याचा व्यावसायिक. डेल कंपनी आपल्या संगणकांसोबत विंडोज पुन्हा बसवण्यासाठी एक तबकडी देत असे. यंत्र दोन-तीन हात फिरेपर्यंत ती हरवलेली असायची. लंडग्रेनने चीनमध्ये तशा २८,००० तबकड्या करवून घेतल्या. जुनी यंत्रं दुरुस्त करून विकणाऱ्यांना त्या २५ सेंटला द्यायच्या, असा बेत असल्याचं त्याने सांगितलं. तबकडीत विंडोज होतं, परवाना नव्हता. परवाना यंत्राच्या पाठीवरच्या छोट्या स्टिकरवर होता आणि त्याचे पैसे पहिल्या मालकाने भरलेले होते. मे २०१७ मध्ये लंडग्रेनला १५ महिन्यांची कैद आणि ५०,००० डॉलर दंड झाला. एप्रिल २०१८ मध्ये अपील न्यायालयाने तो निकाल कायम केला.

खरा वाद गुन्ह्यावर नव्हता. गुन्हा त्याने कबूल केला होता. वाद होता तबकडीच्या किमतीवर, कारण शिक्षेचा हिशेब त्या किमतीवरून होणार होता. बचाव पक्षाच्या तज्ज्ञाने साक्ष दिली की परवान्याविना या तबकडीचं मोल शून्याच्या आसपास आहे. तीच प्रणाली इंटरनेटवरून फुकट उतरवता येते. सरकारी बाजूने मायक्रोसॉफ्टचा दर पुढे केला. नोंदणीकृत छोट्या दुरुस्ती-व्यावसायिकांना परवान्यासह तबकडी २५ डॉलरला मिळत असे. न्यायालयाने तोच आकडा धरला, आणि २८,००० तबकड्यांची किंमत सात लाख डॉलर ठरली. मला हा हिशेब चुकीचा वाटतो. २५ डॉलर ही परवान्याची किंमत होती, आणि परवाना लंडग्रेनने विकलाच नव्हता.

लंडग्रेनची बाजू निष्कलंक नव्हती. तबकड्यांवर डेल आणि मायक्रोसॉफ्टची चिन्हं अशी छापली होती, की बघणाऱ्याला त्या अस्सल वाटाव्यात. ही फसवणूकच. शिवाय अनोळखी तबकडीतून यंत्रात घातक काही शिरू शकतं, हा आक्षेपही रास्त आहे. खोट्या चिन्हाची शिक्षा व्हायला हवी होती. पण त्या शिक्षेचं माप परवान्याच्या दराने काढलं, की पहिल्या मालकाने भरलेले पैसे जणू भरलेच नव्हते असा अर्थ होतो.

युरोपात वेगळी वाट निघाली. जुलै २०१२ मध्ये यूज्डसॉफ्ट विरुद्ध ओरॅकल खटल्यात युरोपीय न्यायालयाने ठरवलं, की कायमचा परवाना विकत घेणारा तो पुढे विकू शकतो. फक्त स्वतःकडची प्रत त्याने निकामी केली पाहिजे. लॅटव्हियातून आलेल्या प्रकरणात २०१६ साली त्याच न्यायालयाने घरी केलेली राखीव प्रत विकायला मनाई केली. म्हणजे लंडग्रेनसारख्या तबकड्यांना तिथेही जागा नव्हती. पण मूळ तबकडी खराब झाली, तर परवान्याच्या नव्या मालकाला कंपनीच्या संकेतस्थळावरून प्रणाली उतरवता आली पाहिजे, हेही त्याच निकालात आहे. ग्राहकाच्या दृष्टीने मला हे न्याय्य वाटतं.

आता तबकडी गेली. विंडोज ८ पासून बहुतेक कंपन्यांच्या यंत्रांत परवान्याची किल्ली मदरबोर्डवरच साठवलेली येते, त्यामुळे मदरबोर्ड बदलला की परवान्याचा प्रश्न पुन्हा उभा राहतो. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि विंडोज ११ साठी इंटेलच्या आठव्या पिढीआधीचे बहुतेक प्रोसेसर मान्य नाहीत. असा जुना प्रोसेसर असलेलं यंत्र लिनक्सवर उत्तम चालतं, पण ते विंडोजच्या भावाने घेऊ नये. मोठ्या कंपन्यांकडून आलेल्या लॅपटॉपमध्ये आणखी एक धोका असतो. कंपनीने आपल्या नोंदीतून यंत्र काढलं नसेल, तर सगळं पुसून नव्याने सुरू केल्यावरही इंटरनेट जोडताच त्या कंपनीचं लॉगिन पान समोर येतं. म्हणून मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर असा लॅपटॉप पसंत पडला, तर पैसे देण्याआधी दुकानदाराकडून तो समोर पूर्ण पुसून घ्या, इंटरनेट जोडून पहिल्यापासून सुरू करायला लावा, विंडोज ‘ॲक्टिव्हेटेड’ दिसतंय का ते पाहा, आणि बिलावर यंत्राचा अनुक्रमांक लिहून घ्या.