उभ्या पट्टीची वाट पाहताना

आमच्या आईला ‘व्हिडिओ गेम’ हा शब्द कधी जमला नाही. ती त्याला ‘विटांचा खेळ’ म्हणायची. नव्वदच्या दशकात फुटपाथवर, जत्रेत, खेळण्यांच्या दुकानांत ‘ब्रिक गेम’ नावाचं हातात मावणारं एक यंत्र मिळायचं. खोक्यावर ‘एकात ९९९९ खेळ’ अशी बढाई असे. प्रत्यक्षात खेळ मोजकेच, बाकी नुसती त्यांची फिरवाफिरव. पेन्सिल सेल घातले की राखाडी पडद्यावर काळे तुकडे वरून पडू लागत. ते फिरवून खाली नीट बसवायचे. आडवी ओळ भरली की ती नाहीशी होते. फटी राहिल्या की ढीग वाढत जातो आणि माथ्याला टेकला की खेळ खलास.

१९९६ साली आमचे चिरंजीव सातवीत होते. स्कॉलरशिपची परीक्षा तोंडावर आली होती. एका संध्याकाळी मी शाखेतून दमून घरी आलो, तर हा आपला टीं-टीं करत बसलेला. मी काही न बोलता यंत्र काढून घेतलं आणि कपाटात ठेवून कुलूप लावलं. बँकेतल्या माणसाचा कुलपावर फार विश्वास! मुलगा भांडला नाही, रडला नाही. पण त्यानंतर आपल्या आवडीनिवडींविषयी तो माझ्याशी बोलेनासा झाला. ते माझ्या लक्षात यायलाही बरीच वर्षं लागली.

या खेळाचं मूळ नाव टेट्रिस. पुष्कळांना तो जपानी वाटतो, पण तो जन्मला मॉस्कोत, १९८४ साली. सोव्हिएत विज्ञान अकादमीच्या संगणक केंद्रात अलेक्सी पाजित्नोव नावाचा तरुण नोकरीला होता. त्याच्या वाट्याच्या संगणकाला चित्रं काढता येत नसत, म्हणून त्यानं कंसाची चिन्हं शेजारी शेजारी मांडून चौकोन तयार केले. चार चौकोनांचा एक तुकडा, असे आकार सात. ग्रीक भाषेत चार म्हणजे ‘टेट्रा’, आणि त्याचा आवडता खेळ टेनिस. दोन्ही मिळून टेट्रिस. १९८९ साली निन्टेंडोच्या गेम बॉयबरोबर तो जगभर पोचला. हक्क मात्र सोव्हिएत सरकारकडे होते. पाजित्नोवला रॉयल्टी मिळू लागली ती १९९६ पासून. म्हणजे इकडे मी खेळ जप्त करत होतो, त्याच वर्षी तिकडे त्याच्या निर्मात्याचं खातं उघडत होतं.

निवृत्तीनंतर मीच या खेळाच्या नादी लागलो. खेळण्यापेक्षा पाहण्याच्या. अमेरिकेत पोर्टलंडला जुन्या व्हिडिओ गेमांचं संमेलन भरतं. आपल्याकडे साहित्य संमेलनाला जावं तशा भक्तिभावानं तिथे माणसं जातात, जुनी यंत्रं आणि कॅसेटी हाताळतात. तिथेच टेट्रिसची जागतिक स्पर्धा भरत असे. यंत्र ऐंशीच्या दशकातलं, आणि टीव्हीही जुना, पोट सुटलेला! नव्या चपट्या टीव्हीवर बटण दाबणं आणि तुकडा हलणं यांत डोळ्याला न कळणारी दिरंगाई होते. या खेळात तेवढ्यानं डाव जातो. आमचा असाच टीव्ही मी भंगारवाल्याला किलोच्या भावानं देऊन टाकला होता, हे आठवून जीव थोडा थोडा झाला.

२०१८ सालची अंतिम लढत मी यूट्यूबवर पाहिली. एका बाजूला जोनास न्यूबाउर, सात वेळा विजेता, वय ३७. दुसऱ्या बाजूला जोसेफ सेली, वय वर्षं १६. खेळ बाजारात आला तेव्हा या पोराचा जन्मही झाला नव्हता. निष्णात खेळाडू कडेचा एक रकाना रिकामा ठेवतात आणि उभ्या पट्टीची वाट पाहतात. ती आली की चार ओळी एकदम साफ. पण ती येईलच याची हमी नाही. तोवर बाकीचं नीट रचत राहायचं. पोरगा तिन्ही डाव सरळ जिंकला. हरलेला जोनास त्याचंच कौतुक करत होता. २०२१ च्या जानेवारीत जोनास अचानक गेला, अवघ्या ३९ व्या वर्षी. पण हरल्यावर कसं वागावं, हे त्याच्याकडून शिकावं.

एकोणतिसाव्या पातळीपुढे माणूस टिकू शकत नाही, असं वर्षानुवर्षं मानलं जाई. पोरांनी बटण दाबण्याच्या नव्या तऱ्हा शोधल्या. अखेर डिसेंबर २०२३ मध्ये तेरा वर्षांच्या एका मुलानं इतकी मजल मारली की खेळच गोठून बंद पडला. यंत्र हरलं!

ही बातमी सांगायला मी मुलाला फोन केला. तो परदेशात असतो. रविवारचा आमचा फोन हवापाणी आणि माझं ब्लडप्रेशर यांपुढे सहसा जात नाही. त्या दिवशी चाळीस मिनिटं गेली. मी धीर करून म्हटलं, “तुझं ते यंत्र मी कपाटात टाकलं, ते चुकलंच.”

तो हसला. “बाबा, ते कपाटात होतंच कुठे? तुमची जास्तीची किल्ली आजीकडे असायची. दुपारी ती खेळायची. मी शाळेतून आलो की दहा मिनिटं माझी. तुम्ही यायच्या आत परत आत. आजीचा आकडा मला शेवटपर्यंत मोडता आला नाही.”

आई जाऊन आता बारा वर्षं झाली. रात्री मी कपाटाच्या तळाशी शोधलं. यंत्र होतं, त्याच जागी. जुने सेल आत पाझरून हिरवे झाले होते. टोपणाच्या आतल्या बाजूला बॉलपेननं एक आकडा लिहिला होता. अक्षर आईचं.

पुढच्या रविवारी मुलानं मला फोनवर हा खेळ लावून दिला. त्या आकड्यापासून मी अजून फार दूर आहे.