अंबर, याकूत, जोहर : हबशी नांवांची फोड

मराठी ऐतिहासिक कागदांत हबशी अथवा सिद्दी सरदारांचीं नांवें पदोपदीं येतात. त्या नांवांचे धारक कोण, ते कोणत्या पक्षाकडून लढले, याची चर्चा आजवर पुष्कळ झाली आहे. परंतु खुद्द नांवांचा अर्थ काय, याकडे सूचीकारांचें व संग्राहकांचें लक्ष फारसें गेलेलें नाहीं. तें वेधावें, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

प्रथम जातिवाचक शब्द घेऊं. 'हबशी' हा शब्द अरबी 'हबश' म्हणजे अबिसीनिया या देशनामावरून आला. 'सिद्दी' हा अरबी 'सय्यिदी' म्हणजे 'माझे धनी' या संबोधनाचा अपभ्रंश होय. तथापि संस्कृताची संवय असलेल्या लेखणीनें त्याचें 'सिद्धी' करून टाकिलें, आणि वाचणारास अणिमादि अष्टसिद्धींची आठवण व्हावी असें रूप त्यास आलें. गोमंतकांत पोर्तुगीजांनीं मोझांबिकाकडून गुलाम आणिले. त्यांस ते 'काफ्रे' म्हणत. तिकडील 'खाप्री' हा शब्द त्याचाच.

व्यक्तिनामांत हीच फसगत अधिक आहे. 'अंबर' म्हणतांच आपणांस आकाश किंवा वस्त्र आठवतें. पण मलिक अंबराच्या नांवांतील 'अंबर' हें देवमाशापासून मिळणारें सुगंधी द्रव्य आहे. 'सिद्दी संबळ' हें नांव वाचून गोंधळ्याचें वाद्य डोळ्यांपुढें येतें. मूळ शब्द मात्र 'सुंबुल', म्हणजे जटामांसीसारखी सुवासिक वनस्पति. याकूत म्हणजे माणिक, जौहर म्हणजे रत्न, रैहान म्हणजे सब्जा, काफूर म्हणजे कापूर. हीं सर्व नांवें एका रांगेंत मांडिलीं म्हणजे तीं माणसांचीं नसून सुगंधी द्रव्यें व जवाहीर विकणाऱ्या दुकानाची यादी वाटते. तें अकारण नव्हे. इस्लामी जगांत विकत घेतलेल्या गुलामांस अशींच नांवें देण्याचा प्रघात होता. बापानें ठेविलेलें नांव बाजारांत गळून पडे, आणि धन्याच्या आवडीचें नवें नांव चिकटे.

मलिक अंबराचेंच उदाहरण घ्यावें. त्याचा जन्म १५४८ च्या सुमारास अबिसीनियांत झाला. मूळ नांव चापू. तो अनेक हातांतून विकला गेला. बगदादच्या मीर कासीमानें त्यास शिकविलें व 'अंबर' हें नांव दिलें. पुढें दक्षिणेंत निजामशाहीचा पेशवा चंगीजखान यानें त्यास विकत घेतलें. हा चंगीजखानही पूर्वाश्रमींचा हबशी गुलामच. चंगीजखानाच्या मृत्यूनंतर अंबर मुक्त झाला. त्यानें १६१० त खडकी वसविली, १६२४ त भातवडीच्या रणांत मोंगल व आदिलशाही फौजांस धूळ चारली, आणि १६२६ त तो मृत्यु पावला. इतक्या पराक्रमानंतरही इतिहासांत राहिलें तें धन्यानें दिलेलें नांव. चापू हें नांव ठाऊक असणारे विरळा.

येथें एका आक्षेपाचा विचार केला पाहिजे. जंजिऱ्याच्या सिद्दी कासीमास 'याकूतखान' ही पदवी औरंगजेबानें दिली, व पुढें ती त्या घराण्यांत मानाची म्हणून चालली. तेव्हां असें नांव दिसलें कीं तो मनुष्य विकत घेतलेलाच होता, असें अनुमान काढितां येणार नाहीं. परंतु बाजारांतील खूण कालांतरानें बिरुद झाली, एवढें तरी यावरून दिसतें.

दुसरें असें कीं, दक्षिणेंतील गुलाम सरदार होई, मग तेथील गुलामगिरी ती कसली, असेंही कोणी म्हणतात. अटलांटिक महासागरावरून सुमारें सव्वा कोटि आफ्रिकी माणसें जहाजांत कोंबून नेलीं गेलीं. त्यांच्या वांट्यास ऊंस-कापसाचे मळे आले. त्या मानानें येथील लष्करी गुलामगिरींत वर चढण्यास वाट होती, हें खरें. पण त्या वाटेनें वर गेलेल्यांचींच नांवें आपणांस ठाऊक आहेत; पाणक्या, खलाशी, दासी यांचीं नाहींत.

आपल्या वतनपत्रांशीं ताडून पाहिलें म्हणजे हा भेद स्पष्ट होतो. साध्या कुळाचें नांवही त्यांत 'अमुक बिन अमुक, मौजे अमुक' असें येतें. हा 'बिन' अरबी शब्द आहे व त्याचा अर्थ 'पुत्र'. अरबी शब्द मावळांतल्या कुणब्यास बाप देतो. पण अरबी गलबतांतून उतरलेल्या हबशास बहुधा तोच मिळत नाहीं. प्रतापगडच्या भेटीच्या वेळीं शिवाजी महाराजांच्या दहा निवडक अंगरक्षकांत सिद्दी इब्राहिम होता. पाचगणीहून तो गड जवळच आहे. या इब्राहिमाचा बाप कोण, गांव कोणता, हें आज कोण सांगणार?

इंग्रजी अंमलांतही नांवें बदलण्याची ही रीत थांबली नाहीं. धनी तेवढा पालटला. अरबी समुद्रांत पकडलेल्या गुलामवाहू जहाजांवरील मुलांस नाशिकजवळ शरणपूर येथील मिशनमध्यें ठेवीत. त्यांपैकीं याओ जमातीचा एक मुलगा जेकब वेनराइट या नांवानें प्रसिद्ध झाला. लिव्हिंग्स्टनचें शव समुद्रकिनाऱ्यास पोंचविणाऱ्यांत तो होता, आणि १८ एप्रिल १८७४ रोजीं लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबींतील दफनविधीस तो हजर होता. त्यानें स्वहस्तें लिहिलेली त्या प्रवासाची रोजनिशी आजही उपलब्ध आहे. १८७३ त झांजीबारचा गुलामबाजार बंद करविण्यास गेलेले बार्टल फ्रिअर हे १८४७ त साताऱ्यास रेसिडेंट होते, हेंही आपल्या जिल्ह्यानें ध्यानांत ठेवावें. नाशिकच्या मंडळींपैकीं अनेकजण पुढें मोंबासाजवळील 'फ्रिअरटाउन' वसाहतींत गेले. तिच्या नांवांतही पुन्हां उपकारकर्ताच.

अमेरिकेंत माल्कम लिटल यानें १९५२ त आपलें आडनांव टाकून 'एक्स' हें अक्षर धारण केलें. गुलामांच्या धन्याचें आडनांव नको, आणि मूळचें कळण्यास मार्ग नाहीं, हें सांगणारी ती रिकामी जागा होती.

आपल्या दप्तरांतही अशा रिकाम्या जागा आहेत. म्हणून संग्राहकांस विनंति कीं, कागदांत हबशी नांव आल्यास तें जसें लिहिलें असेल तसें उतरावें. 'सिद्धी' चें 'सिद्दी' वा 'संबळ' चें 'सुंबुल' करावयाचें तें टीपेंत करावें. बाप, गांव वा खरेदीची किंमत दिली असल्यास ती सूचींत अवश्य घ्यावी. दिली नसल्यास 'दिलेलें नाहीं' असें लिहावें. कुणबिणी, बटकी व गुलाम यांच्या खरेदीच्या चिठ्या किरकोळ समजून बाजूस टाकूं नयेत. सनदा व तहनामे जपणारे पुष्कळ आहेत. या चिठ्या गेल्या, तर त्यांतील माणसें दुसऱ्यांदा नांवास मुकतील.