कारंज्यांच्या प्रकाशयोजनेतील विद्युत दोष

कारंजी, कृत्रिम धबधबे व शोभेचे हौद यांत बसविलेले दिवे, त्यांच्या केबली, ट्रान्सफॉर्मर आणि संरक्षक उपकरणे यांत निर्माण होणाऱ्या बिघाडांना कारंज्यांच्या प्रकाशयोजनेतील विद्युत दोष म्हणतात. अशा बिघाडामुळे केवळ दिवे बंद पडत नाहीत. गळणारी वीज पाण्यात किंवा धातूच्या नळांत उतरल्यास हौदाला स्पर्श करणाऱ्याच्या जिवाला धोका संभवतो. म्हणून दोष शोधण्याला दुरुस्तीइतकेच महत्त्व आहे.

पार्श्वभूमी

पुण्याच्या शनिवारवाड्यातील हजारी कारंजे विजेशिवाय, उंचावरून आणलेल्या पाण्याच्या दाबावर चालत असे. आधुनिक कारंज्यांत पंप व दिवे दोन्ही विजेवर चालतात. पैठणचे संत ज्ञानेश्वर उद्यान आणि नागपूरचा फुटाळा तलाव येथील संगीत कारंजी ही महाराष्ट्रातील मोठ्या प्रकल्पांची उदाहरणे होत. सार्वजनिक बागा, मंदिरांचे परिसर व गृहसंकुले यांतील लहान कारंज्यांतही विद्युत रचनेची मूलतत्त्वे तीच असतात.

रचना

भारतात घरगुती पुरवठा २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ असतो. पाण्याखालील दिव्यांसाठी तो विलगीकरण ट्रान्सफॉर्मरद्वारे सामान्यतः १२ किंवा २४ व्होल्टपर्यंत उतरवितात. या ट्रान्सफॉर्मरमध्ये आत येणारी व बाहेर जाणारी वेटोळी परस्परांशी विद्युतदृष्ट्या जोडलेली नसतात. ऑटोट्रान्सफॉर्मरमध्ये असे विलगीकरण नसल्यामुळे तो येथे वापरणे धोकादायक ठरते.

पुरवठ्याच्या बाजूस ३० मिलिअँपिअर क्षमतेचा आरसीसीबी बसवितात. फेजमधून जाणारा व न्यूट्रलमधून परतणारा प्रवाह यांतील फरक या मर्यादेपर्यंत पोहोचल्यास तो ०.३ सेकंदाच्या आत पुरवठा तोडतो. कायम पाण्याखाली राहणाऱ्या दिव्यांना आयपी ६८ दर्जाचे आवरण लागते. आयपी ६७ दर्जाची चाचणी १ मीटर खोलीपर्यंत व ३० मिनिटांपुरतीच असते.

दोषांची प्रमुख कारणे

* *जोडांत पाणी शिरणे:* केवळ चिकटपट्टी गुंडाळलेला जोड पाण्याखाली टिकत नाही. राळ भरलेले जोड किंवा जलरोधक जोडपेट्या आवश्यक असतात.
* *दिव्याचे 'श्वसन':* दिवा तापला की आतील हवा प्रसरण पावते. तो विझून थंड झाल्यावर आतील दाब घटतो व झिजलेल्या वायसरातून किंवा केबलच्या ग्लँडमधून पाणी आत ओढले जाते.
* *कोरडे चालणे:* पाण्याखालील अनेक दिवे थंड राहण्यासाठी पाण्यावरच अवलंबून असतात. पातळी उतरूनही ते चालू राहिल्यास वायसर कडक होतात व काच तडकते.
* *केबलची इजा:* कुदळ, उंदीर किंवा दगडाची धार यांमुळे आवरण कापले जाते.

लक्षणांवरून निदान

आरसीसीबी वारंवार पडणे हे सर्वाधिक आढळणारे लक्षण आहे. विलगीकरण ट्रान्सफॉर्मरनंतरच्या १२ व्होल्टच्या भागातील गळतीमुळे मूळ बाजूचा आरसीसीबी सहसा पडत नाही. त्यामुळे तो पडत असल्यास प्रथम पंप, २३० व्होल्टची केबल, ट्रान्सफॉर्मर व थेट २३० व्होल्टवर चालणारे दिवे तपासतात. उलटपक्षी, कमी व्होल्टच्या भागातील दोष आरसीसीबी न पडताही वाढत राहू शकतो. जोडांवरील हिरवट गंज व मंदावणारा प्रकाश ही त्याची चिन्हे होत.

एमसीबी तत्काळ पडल्यास शॉर्टसर्किटची शक्यता अधिक असते. एकच दिवा बंद असल्यास तो दिवा वा त्याचा जोड, तर ओळीने पुढचे सर्व बंद असल्यास मधली केबल संशयास्पद ठरते.

शेवटचे दिवे मंद असल्यास केबलमधील व्होल्टेज घट तपासतात. उदाहरणार्थ, १२ व्होल्टवर १०० वॅटच्या भारास सुमारे ८.३ अँपिअर प्रवाह लागतो. तांब्याच्या २.५ चौ. मिमी केबलने ३० मीटर अंतरावर, जाऊन-येऊन ६० मीटर तारेत, सुमारे ३.७ व्होल्ट घटतात. हाच भार २४ व्होल्टवर चालविल्यास प्रवाह निम्मा होतो व घट सुमारे १.८५ व्होल्टवर येते.

दोष शोधण्याची पद्धत

१. मुख्य स्विच बंद करून तो कोणी चालू करू नये म्हणून कुलूप व फलक लावतात. वीज खरोखर बंद असल्याची चाचणी घेतल्याशिवाय पाण्यात हात घालत नाहीत.

२. सर्व शाखा सोडवून आरसीसीबी चालू करतात व एकेक शाखा जोडत जातात. शाखा सोडविताना फेज व न्यूट्रल दोन्ही काढावे लागतात. एकपदरी एमसीबी न्यूट्रल तोडत नाही. त्यामुळे न्यूट्रल व अर्थ यांचा संपर्क असल्यास एमसीबी बंद असूनही आरसीसीबी पडू शकतो.

३. दोषी शाखेची मेगरने चाचणी घेतात. २३० व्होल्टच्या मंडलासाठी ५०० व्होल्ट डीसी दाब देतात व किमान १ मेगओहम रोध अपेक्षित असतो. कमी व्होल्टच्या विलग मंडलासाठी हे आकडे अनुक्रमे २५० व्होल्ट व ०.५ मेगओहम आहेत. एलईडी ड्रायव्हर आधी सोडवितात, अन्यथा ते जळू शकतात.

४. केबल मधल्या जोडावर विभागून दोन्ही भाग स्वतंत्र मोजतात. दोषी अर्धा भाग पुन्हा विभागत गेल्यास थोड्या चाचण्यांत दोषाची जागा सापडते.

दोष फक्त पावसात वा पहाटेच्या दवात दिसत असल्यास कोरड्या दुपारची चाचणी निर्दोष येऊ शकते. ती ओलाव्यात पुन्हा घेतात.

दख्खनच्या पठारावरील परिस्थिती

साताऱ्याच्या खटाव तालुक्यातील औंधसारख्या अवर्षणप्रवण भागात उन्हाळ्यात पाण्याची पातळी घटते, तेव्हा पातळीदर्शक स्विच नसलेले दिवे कोरडे पडतात. जमीन सुकल्याने अर्थिंगच्या खड्ड्याचा रोधही वाढतो. म्हणून तो पावसाळ्यानंतर नव्हे, तर उन्हाळ्यात मोजणे अधिक योग्य ठरते. काळी माती ओलाव्याने फुगते व सुकल्यावर भेगाळते. त्यामुळे पाइपाविना पुरलेल्या केबलींवर ताण येतो. बोअरच्या कठीण पाण्यातील क्षारांचा थर काचेवर बसल्यास प्रकाश घटतो. हा विद्युत दोष नसला तरी तसा भासतो.

सुरक्षा

वारंवार पडणारा आरसीसीबी काढून थेट जोडणी करणे, किंवा त्याऐवजी अधिक मिलिअँपिअरचा बसविणे, ही दुरुस्ती नव्हे. त्यामुळे दिवे लागतात, पण दोष पाण्यातच राहतो आणि इशारा देणारे साधन नाहीसे होते. आरसीसीबीची चाचणी कळ नियमितपणे दाबून पाहणे आवश्यक असते. मात्र ती कळ केवळ उपकरणाची यंत्रणा तपासते, अर्थिंग नव्हे. २३० व्होल्टच्या बाजूचे काम परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडूनच करून घ्यावे लागते.