शपथा मोजल्या, व्यसन मोजले का?

शाळांमधील व्यसनप्रतिबंधक उपक्रमांचे अहवाल बहुधा प्रभातफेऱ्या, पथनाट्ये आणि शपथ घेतलेले विद्यार्थी यांच्या आकड्यांनी भरलेले असतात. परंतु या आकड्यांवरून काम किती झाले हे कळते, त्यामुळे व्यसन किती टळले हे कळत नाही. ते कळण्यासाठी तुलनागट, म्हणजे उपक्रम न राबवलेल्या पण अन्यथा सारख्याच शाळांमधील मुले, आवश्यक असतात, कारण किशोरवयात तंबाखू चाखून पाहणाऱ्यांचे प्रमाण वयाबरोबर वाढत जाते आणि ते नुसते जैसे थे राहिले तरी यश ठरू शकते.

महाराष्ट्रात अशी तुलना झालेली आहे. नकार देणे, स्वतः निर्णय घेणे अशा जीवनकौशल्यांवर भर देणाऱ्या सलाम बॉम्बे फाउंडेशनच्या उपक्रमासाठी २०१० च्या आरंभी १,८५१ विद्यार्थ्यांची पाहणी करण्यात आली, तेव्हा मागील ३० दिवसांत तंबाखू वापरल्याचे उपक्रमातील आठवीच्या ४.१ टक्के, तर तुलनागटातील ८.७ टक्के विद्यार्थ्यांनी सांगितले. मात्र कोणत्या शाळेत उपक्रम राबवायचा हे चिठ्ठ्या टाकून ठरलेले नसल्याने शाळांमधील मूळचाच फरक या आकड्यांत मिसळलेला असणे शक्य आहे. दिल्ली व चेन्नईतील ३२ शाळांच्या ‘मैत्री’ प्रकल्पात (२००४ ते २००६) ही विभागणी यादृच्छिक, म्हणजे केवळ योगायोगावर सोपवलेली होती. तेथे दोन वर्षांत तुलनागटातील तंबाखूसेवन ६८ टक्क्यांनी वाढले, तर उपक्रमातील शाळांत १७ टक्क्यांनी घटले.

पुणे-बेंगळुरू महामार्गावरील शिरवळसारख्या औद्योगिक गावात असे मूल्यमापन करायचे झाल्यास खरी कसोटी प्रश्नावलीची लागेल. ‘तू धूम्रपान करतोस का?’ या प्रश्नाला गालात माव्याची गोळी धरलेला मुलगाही प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणेल, आणि घरात सकाळी दाताला लावली जाणारी मिश्री तर अनेकांच्या लेखी व्यसनच नसते. म्हणून मावा, मिश्री, गुटखा, चुना लावून मळलेली तंबाखू आणि दारू यांबद्दल नावानिशी, स्वतंत्रपणे विचारावे लागते. उत्तरपत्रिकेवर विद्यार्थ्याचे नाव असेल आणि ती वर्गशिक्षकच गोळा करणार असतील, तर खरे उत्तर मिळण्याची आशा सोडलेली बरी. शिवाय शाळा सोडून कामाला लागलेली मुले, ज्यांना धोका अधिक, ती वर्गातल्या पाहणीत येतच नाहीत.

उपक्रम आखणाऱ्यांनी म्हणूनच पहिल्या व्याख्यानापूर्वी निनावी पाहणी करावी, निम्म्या शाळा चिठ्ठ्या टाकून पुढील वर्षासाठी राखून ठेवाव्यात, आणि वर्षाअखेरीस दोन्ही गटांना तेच प्रश्न पुन्हा विचारावेत.