पोराचा गट कुणावर गेला?

लग्नाच्या बायोडेटात उंची, शिक्षण, गोत्र यांच्या शेजारी रक्तगट लिहिण्याची पद्धत आपल्याकडे चांगलीच रुळली आहे. मी रक्तपेढीत तंत्रज्ञ असल्यामुळे नात्यातली माणसं हमखास विचारतात, "अगं, मुलगा बी पॉझिटिव्ह, मुलगीही बी पॉझिटिव्ह. चालेल ना?" चालेल. नवराबायकोचा गट एकच असला म्हणून मुलांना काही होत नाही. बघायचं ते एवढंच, की बायको निगेटिव्ह आणि नवरा पॉझिटिव्ह आहे का. तसं असेल तर गरोदरपणात पहिल्याच तपासणीला डॉक्टरांना सांगावं. बाळ पॉझिटिव्ह निघालं तर बाळंतपणानंतर 72 तासांच्या आत आईला अँटी-डीचं इंजेक्शन मिळायला हवं, पुढच्या बाळासाठी.

दुसरा प्रश्न मात्र असा चारचौघांत येत नाही. माणूस काउंटरवर थांबून राहतो, गर्दी ओसरली की कागद पुढे करतो. "मी ए, मिसेस बी. मग पोरगा ओ कसा?" त्या 'कसा'मध्ये काय दडलेलं असतं ते मला कळतं. घरी कुणीतरी काहीतरी बोललेलं असतं, आणि ते ऐकून घेणारी असते ती बाळंतीण. म्हणून या प्रश्नाला मी घाईत उत्तर देत नाही. त्यांना बसवते आणि कागदावर लिहून दाखवते.

प्रत्येकाकडे या गटाच्या जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईची, एक बापाची. त्यांची जागा नवव्या गुणसूत्रावर. ए आणि बी या प्रती रक्तपेशीवर आपापली खूण उमटवतात, ओ काहीच उमटवत नाही. त्यामुळे ज्याच्या कार्डावर 'ए' आहे तो आतून ए-ए असेल किंवा ए-ओ. आमच्या नळीत दोघं सारखेच दिसतात. निळ्या अँटी-एमध्ये दोघांच्याही पेशी गोळा होतात, पिवळ्या अँटी-बीमध्ये मोकळ्या राहतात. बापाला त्याच्या आईकडून ओ आलेला असेल आणि बाळाच्या आईलाही तिच्या माहेरून तसाच, तर त्यांच्या घरी ए, बी, एबी, ओ असं कुठल्याही गटाचं मूल जन्मू शकतं. पोराचा ओ दोन्हीकडच्या आजी-आजोबांकडून चालत आलेला असतो, इतकंच.

एबी आणि ओ अशी जोडी असेल तर गंमत अशी, की नियमाप्रमाणे त्यांचं मूल ए असतं किंवा बी, म्हणजे आईसारखंही नाही आणि बापासारखंही नाही. पॉझिटिव्ह-निगेटिव्हचा हिशोब याहून वेगळा, वेगळ्या जनुकाचा. दोन पॉझिटिव्ह आईबापांना निगेटिव्ह मूल होऊ शकतं. कार्ल लँडस्टायनर यांनी व्हिएन्नात 1901 साली गट वेगळे करून दाखवले, पण ते पुढच्या पिढीत नेमके कसे उतरतात हे 1924 साली मांडलं ते फेलिक्स बर्नस्टाइन या जर्मन गणितज्ञाने. निरनिराळ्या लोकसमूहांत कुठला गट किती आढळतो याचे आकडे घेऊन तो बसला आणि त्यातून एकाच जागेवरच्या तीन प्रतींचा नियम त्याने काढला.

रक्तगटावरून बाप ठरत नाही. फार तर 'हा नसावा' एवढंच म्हणता येतं. चार्ली चॅप्लिनवर जोन बॅरीने आपल्या मुलीच्या पितृत्वाचा दावा लावला तेव्हा आई ए, मुलगी बी आणि चॅप्लिन ओ होता. मुलीला बी बापाकडूनच मिळायला हवा होता, आणि तो चॅप्लिनकडे नव्हता. तरी 1945 साली कॅलिफोर्नियातल्या ज्युरीने त्यालाच बाप ठरवलं, कारण तिथल्या कायद्याने ही तपासणी निर्णायक मानलेली नव्हती. तो कायदा 1953 साली बदलला.

आता या 'नसावा'लाही अपवाद आहे, आणि तो सापडला मुंबईत, आपल्या परळला. केईएम रुग्णालयात डॉ. वाय. एम. भेंडे यांच्यासमोर असं रक्त आलं, की तपासणीत ते ओसारखं दिसे, पण कुठल्याही ओ दात्याशी जुळेना. ओच्या पेशी त्यात घातल्या तरी त्या गोळा होत. ओ तर सगळ्यांना चालतो, असं मानलं जाई! 1952 साली भेंडे, देशपांडे, भाटिया आणि त्यांच्या इंग्लंडमधल्या सहकाऱ्यांनी ही हकिगत 'लॅन्सेट'मध्ये छापली. जगभर आज या गटाला बॉम्बे रक्तगट म्हणतात.

यामागचं कारण असं. ए आणि बी या खुणा म्हणजे पेशीवरच्या साखरेच्या साखळीला टोकाशी जोडलेला एकेक रेणू. पण तो जोडायला आधी 'एच' नावाचा पदार्थ तयार असावा लागतो. जोतंच नसेल तर भिंत उभी कशावर करणार? एच घडवणारं जनुक एकोणिसाव्या गुणसूत्रावर, ए-बीपासून अगदी वेगळं. त्याच्या दोन्ही प्रती निकामी असतील तर माणसाकडे ए किंवा बीचं जनुक धडधाकट असूनही पेशीवर काही उमटत नाही, आणि कार्डावर 'ओ' लिहिलं जातं. अशा बाईला ओ नवऱ्यापासून बी गटाचं मूल होऊ शकतं, कारण न दिसलेला बी तिने मुलाला दिलेला असतो आणि नवऱ्याने एचची चांगली प्रत. एबी बापाला ओ दिसणारं मूल होऊ शकतं तेही असंच.

असं प्रत्यक्षात क्वचितच घडतं. भारतात साधारण दहा हजारांत एक बॉम्बे गट सापडतो असं मानतात, युरोपात तर तो अतिशय दुर्मीळ. दोन्ही बाजूंनी निकामी प्रत यावी लागते, त्यामुळे मामाची मुलगी करण्यासारख्या नात्यातल्या लग्नांत ती शक्यता वाढते. गट न जुळण्याचं त्याहून कितीतरी नेहमीचं कारण म्हणजे शिबिरात घाईने लिहिलेलं जुनं कार्ड, किंवा ए-बीच्या क्षीण खुणा. नुकत्याच जन्मलेल्या बाळात त्या खुणा पुरत्या उमटलेल्या नसतात आणि सीरममधली प्रतिद्रव्यंही तयार व्हायची असतात, म्हणून बाळाचा गट काही महिन्यांनी पुन्हा बघावा.

म्हणून असा कागद आला की मी तिघांचे नमुने नव्याने मागते. पेशींकडून तपासते, सीरमकडूनही तपासते, आणि त्यात ओच्या पेशी असतातच. फक्त स्लाइडवर दोन थेंब टाकून गट देणाऱ्या ठिकाणी बॉम्बे गट ओ म्हणून सुटतो. पुढे त्या माणसाला ओ रक्त चढलं तर जिवावर बेततं, कारण बॉम्बे गटाला बॉम्बेचंच रक्त चालतं. ओच्या पेशी गोळा झाल्या की अँटी-एच लावून बघतो आणि नमुना केईएमच्या आवारातल्या राष्ट्रीय प्रतिरक्षा रुधिरविज्ञान संस्थेकडे खात्रीसाठी जातो. गट पक्का झाला की पहिलं काम सख्ख्या भावंडांना बोलावण्याचं. आईबाप दोघंही एकेक निकामी प्रत बाळगून असतील तर प्रत्येक भावंडाचा गट तोच असण्याची शक्यता चारात एक असते, आणि दहा हजार अनोळखी माणसांत शोधण्यापेक्षा ती खूपच मोठी आहे.