बंदीच्या दिवसांत वेंगुर्ला: बंदर बघितलं, वखार बघितली, आणि आपल्या किनाऱ्याचा विचार केला



दरवर्षी बंदीच्या दिवसांत होड्या वर ओढून झाल्या, जाळी तुणायला घेतली की संस्थेतर्फे एक दिवस कुठंतरी जायचं, असं आमचं ठरलेलं असतं. यंदा वेंगुर्ल्याला गेलो. दोन गाड्या, त्यात होडीमालक, खलाशी आणि मासळी विकणाऱ्या आमच्या बायकाही होत्या. किरणपाणीचा पूल ओलांडला की आरोंदा, शिरोडा, मोचेमाड करत रस्ता वेंगुर्ल्यात उतरतो. आपल्यातल्या बऱ्याच जणांच्या सोयरिकी तिथं आहेत. लग्नाकार्याला गेलो तरी गाव म्हणून वेंगुर्ला कधी बघितलेलं नव्हतं, म्हणून हे थोडं सविस्तर लिहितो.

गाव लहान आहे. सकाळी निघालं तर दुपारच्या जेवणापर्यंत पायी फिरून होतं. पण त्याचे भाग वेगवेगळ्या काळातले आहेत आणि ते नावावरूनच कळतं. किनाऱ्याला बंदर. त्याच्या आत बाजारपेठ, चिऱ्याची जुनी घरं, उतरती कौलं. एका भागाला अजून गाडीअड्डा म्हणतात. घाटावर माल नेणाऱ्या बैलगाड्या जिथं थांबायच्या ती ही जागा. वरच्या अंगाला कॅम्प, हे इंग्रजांच्या फौजेचं नाव. बेळगावच्या छावणीत जाणारे सैनिक वेंगुर्ल्याला जहाजातून उतरायचे आणि इथून घाट चढायचे. आज गाडीअड्ड्यात बैलगाडी नाही आणि कॅम्पात फौज नाही, पण नावं लोकांच्या तोंडी आहेत.

मग डच वखार. चिऱ्याच्या जाड भिंती उभ्या आहेत, छप्पर कधीचंच गेलं. पावसात शेवाळ आणि झाडोरा एवढा की आत पाय टाकताना जपून. लहान मुलांना आम्ही बाहेरच ठेवलं. डच इथं आले १६३७-३८ च्या सुमाराला, आणि त्याचं कारण आपल्या गोव्यात आहे. त्या वर्षांत डचांची जहाजं पावसाळा संपला की मांडवीच्या तोंडावर येऊन उभी राहायची आणि पोर्तुगीजांची ये-जा अडवायची. १६४४ पर्यंत हे चाललं. महिनोन्‌महिने समुद्रात राहणाऱ्या जहाजांना गोडं पाणी आणि धान्य लागतं. ते जवळच्या जवळ मिळायचं वेंगुर्ल्यात. फ्रेंच प्रवासी ताव्हर्निये १६४८ मध्ये इथूनच गोव्याला गेला. त्याच्या पुस्तकात गावाचं नाव मिंग्रेला असं आहे. पुढं स्वाऱ्यांत गाव एकापेक्षा जास्त वेळा जळलं, वखार लुटली गेली, सावंतवाडीकर आले, आणि १८१२ मध्ये वेंगुर्ला इंग्रजांकडे गेलं.

इंग्रजांच्या वेळी तर बेळगाव भागाचा माल वेंगुर्ल्यालाच उतरायचा. आधी रामघाट, नंतर आंबोलीचा गाडीरस्ता. मग १८८८ च्या सुमाराला मुरगाव बंदराला रेल्वे जोडली गेली. बेळगावचा, हुबळीचा माल रेल्वेनं थेट मुरगावला जाऊ लागला आणि वेंगुर्ल्याचा व्यापार बसला. बंदर बुजलं नव्हतं, पाणी आटलं नव्हतं. रस्ता दुसरीकडे गेला, एवढंच. आज आपण मुरगावकडे बघतो तेव्हा हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

बंदरावर एक म्हातारे तांडेल भेटले. त्यांनी एक गोष्ट सांगितली ती आमच्या डोक्यात बसली. वेंगुर्ल्याला मोठं जहाज धक्क्याला कधी लागायचं नाही. ते खोल पाण्यात नांगरायचं आणि माल, माणसं होड्यांतून किनाऱ्याला यायची. मुंबई-पणजी बोट चालू होती तोपर्यंत असंच. त्यांचे वडील अशा होडीवर होते. लाट कधी येते ते बघून बायकामाणसांना, पोरांना बोटीच्या शिडीवर चढवायचं, हे रोजचं काम. ते म्हणाले, "बोट कंपनीची, माल शेटचा, होडी आमची. पण आमचं नाव खंय लिवलेलां नाय."

खरंच आहे. डचांचे कागद त्यांच्या देशात जपून ठेवले आहेत. इंग्रजांच्या गॅझेटियरात वेंगुर्ल्याला किती माल आला, किती गेला याची नोंद आहे. वखार मोडकी का असेना, तिला स्मारक म्हणतात. तिथं जहाज ते किनारा एवढं अंतर साडेतीनशे वर्षं ज्यांनी वल्हवलं त्यांची नोंद नाही. व्यापारी आले नि गेले. किनाऱ्यावर आजही मासळीच उतरते, आणि ती उतरवणारे आपलेच लोक.

आता आपल्याकडे येऊ. हे सगळं लिहिण्याचं कारण तेच आहे.

सीआरझेडचा किनारी आराखडा हा शब्द तुम्ही बैठकीत ऐकलेला आहे. २०११ च्या अधिसूचनेत स्पष्ट म्हटलं आहे की मच्छीमारांची गावं, त्यांच्या सामाईक जागा, जेटी, बर्फाचे कारखाने, मासळी सुकवण्याच्या जागा हे सगळं नकाशावर दाखवलं पाहिजे. म्हणजे कायद्यात जागा आहे. पण नकाशा करणारा माणूस ज्या दिवशी येतो त्या दिवशी त्याला काय दिसतं? पावसाळ्यात आला तर सुकवण्याची जागा रिकामी. दुपारी आला तर रापण ओढण्याची जागा म्हणजे नुसती वाळू. नुसत्या वाळूवर उद्या शॅक येते, परवा कुंपण येतं, आणि मग होडी ओढायला वाट मागावी लागते. असे नकाशे काही वर्षांनी पुन्हा होतात. हरकती-सूचनांना ठरावीक दिवस असतात. तेव्हा धावाधाव करून काही होत नाही, कागद आधी तयार लागतो.

म्हणून परतीच्या वाटेवर गाडीतच ठरवलं. संस्थेच्या कार्यालयात एक वही उघडली आहे. प्रत्येक घरानं पुढची माहिती द्यावी:

१. तुमची होडी कुठं ओढता, किती वर्षांपासून. शेजारी कोणाची होडी.
२. रापण कुठून कुठपर्यंत लागते. त्या जागेला जुनं नाव असेल तर तेच सांगा.
३. मासळी कुठं सुकवता. हे घरातल्या बायकांनाच विचारा, त्यांना नेमकं माहीत असतं.
४. घरापासून किनाऱ्यापर्यंतची पायवाट कोणत्या सर्व्हे नंबरातून जाते. एक-चौदाचा उतारा असेल तर झेरॉक्स आणा.
५. जुने फोटो, होडीच्या नोंदणीचे कागद, संस्थेच्या जुन्या पावत्या. मूळ प्रत देऊ नका, झेरॉक्स पुरे.

जागांची नावं विशेष करून आणा. गाडीअड्डा हे नाव राहिलं म्हणून तिथं गाड्या थांबायच्या हे आज आपल्याला कळलं. आपल्या किनाऱ्यावरच्या प्रत्येक खडकाला, प्रत्येक मांडाला नाव आहे. ते सत्तरीच्या पुढच्या माणसांना माहीत आहे, पोरांना नाही.

जाता जाता आणखी एक. वेंगुर्ल्याच्या नगरपरिषदेनं कॅम्पातल्या कचरा डेपोचं बघायला जाण्यासारखं ठिकाण केलं आहे. कचरा घरातूनच वेगळा होऊन येतो. आपल्या जेटीवरचे थर्माकोलचे डबे आणि फाटकी जाळी यांचं काय करायचं, ते पुढच्या सभेत घेऊ.

ज्यांना वेंगुर्ला बघायचं आहे त्यांनी जरूर जावं. पावसाळ्यात वखारीत शिरू नका, चिरे निसरडे असतात. थंडीत गेलात तर गाव पायी फिरा, आणि बंदरावर म्हाताऱ्या माणसांशी दोन शब्द बोला.

वही कार्यालयात सकाळी मिळेल. होड्या पाण्यात जाण्याआधी सगळ्यांची माहिती यावी ही विनंती. एकदा मासेमारी सुरू झाली की कोणालाच सवड नसते, हे आपल्याला ठाऊक आहे.

आपला,
सचिव