एक्सपीला नवं घर: दुसरी प्रणाली आणि तिचा परवाना

मायक्रोसॉफ्टने विंडोज एक्सपीची देखभाल ८ एप्रिल २०१४ रोजी थांबवली. सोलापुरात माझ्या ओळखीच्या डीटीपीवाल्यांकडे मात्र ती अजून रोज चालते, आणि त्यामागे सबळ कारण आहे. आपल्याकडे लग्नपत्रिका मराठीत, कन्नडमध्ये, तेलुगूत छापली जाते. वर्षानुवर्षांच्या या फायली पेजमेकरमध्ये आहेत. त्याची शेवटची आवृत्ती, ७.०, आली २००१ साली. अक्षरं श्रीलिपी किंवा आकृतीची. या जुन्या फॉन्टांत देवनागरी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेली असत. फॉन्ट नसेल तर गणपतीच्या श्लोकाजागी इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो. शिवाय सॉफ्टवेअरचं ‘लॉक’ असे. जुनी लॉकं प्रिंटरच्या पोर्टात बसत आणि ते पोर्ट आजच्या लॅपटॉपवर नसतं.

मग ऑपरेटर म्हणतो, ‘नव्या मशीनवर व्हीएम टाकून एक्सपी चढवू.’ म्हणजे विंडोज ११ च्या पोटात एक आभासी संगणक उभा करून त्यात दुसरी प्रणाली चालवायची. साखर पेठेतल्या एका मित्राच्या छापखान्यात मी विचारलं, ‘या एक्सपीचा परवाना कुठला?’ तो म्हणाला, ‘सीडी आहे की, मालक!’ सगळी गोम इथेच आहे. सीडी हा परवाना नव्हे. कंपनीने आधीच भरून दिलेली विंडोज, म्हणजे ओईएम, त्याच यंत्राशी बांधलेली असते. कॅबिनेटवरचा स्टिकर यंत्रासोबत भंगारात गेला की हक्कही गेला. दुकानातून वेगळी घेतलेली प्रत जुन्या यंत्रावरून काढून नव्यावर नेता येते. पण दोन्हीकडे ठेवता येत नाही. विंडोज १० च्या अटी तर साफ सांगतात: एक परवाना, एक यंत्र, मग ते खरं असो वा आभासी.

या प्रश्नावरचा मला सर्वांत आवडलेला तोडगा २००९ चा, ‘एक्सपी मोड’. विंडोज ७ प्रोफेशनल, एंटरप्राइज किंवा अल्टिमेट घेणाऱ्याला आभासी यंत्रातली अख्खी एक्सपी प्रोफेशनल परवान्यासकट मोफत मिळे. होम आवृत्तीवाल्याला नाही. विंडोज ७ प्रोफेशनलच्या ‘डाउनग्रेड’ हक्कात नव्याऐवजी जुनी वापरता येई. एक्सपी मोडमध्ये दोन्ही एकदम. ग्राहकाच्या जुन्या कामाचा इतका विचार मी क्वचितच पाहिला. विंडोज ८ मध्ये हा मोड काढून टाकला, हे मला आजही पटत नाही. आणि त्याच कंपनीने व्हिस्टाच्या होम आवृत्त्या आभासी यंत्रात चालवायला आधी बंदी घातली होती! तांत्रिक अडचण काहीच नव्हती, नुसतं करारातलं वाक्य. जानेवारी २००८ मध्ये ते मागे घेतलं.

मॅकची अट निराळी. मॅकओएस फक्त ॲपलच्याच यंत्रावर चालवायची. लिनक्स जीपीएल या मुक्त परवान्याखाली आहे; किती यंत्रांवर चालवायची याला आडकाठी नाही, आणि शेजारची विंडोज परवानाधारक असेल तर दोघी एका डिस्कवर सुखाने नांदतात. आभासी यंत्र उभं करणाऱ्या व्हर्च्युअलबॉक्सचा मुख्य भागही जीपीएलचाच. मात्र त्याचा ‘एक्स्टेन्शन पॅक’ धंद्यासाठी फुकट नाही, हे कित्येकांना ठाऊक नसतं.

कायद्याबद्दल थोडक्यात. कॉपीराइट कायदा १९५७, कलम ५२(१)(एए): कायदेशीर प्रत बाळगणाऱ्याला तिच्या वापरासाठी किंवा नुकसानीपासून बचावासाठी प्रत करता येते. कलम ६३बी: बेकायदा प्रत जाणूनबुजून संगणकावर वापरल्यास सात दिवस ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड. धंद्यासाठी वापर नसेल तर न्यायालय कैद टाळून नुसता दंड करू शकतं. छापखाना म्हणजे धंदाच.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. आभासी यंत्रातली पाहुणी प्रणाली परवानाधारक झाली म्हणून तिच्यातला पेजमेकर आणि फॉन्ट आपोआप परवानाधारक होत नाहीत. प्रत्येकाची अट वेगळी वाचावी लागते.

मित्राच्या अडगळीत विंडोज ७ प्रोफेशनलचा एक संगणक निघाला, स्टिकर शाबूत असलेला. त्यावर एक्सपी मोड चालतो, पेजमेकर त्याच्या बिलाचा आहे, आणि लॉक यूएसबीचं असल्याने लागलीच ओळखलं गेलं. आता मित्र तो संगणक इंटरनेटला न जोडता, रोज काही पत्रिका उघडून त्यांचा मजकूर युनिकोडमध्ये उतरवून घेतोय. सुरुवात त्याने तेलुगू पत्रिकांपासून केली आहे, कारण त्या फॉन्टची मूळ फ्लॉपी कधीच हरवली आहे.